रेफरीनं माफी मागायची नसते

माझ्या बायकोनं मला भर मैदानात पिवळं कार्ड दाखवलं, ही बातमी जपानमधल्या उरायासुतल्या मराठी मंडळींत पसरायला एक दिवससुद्धा लागला नाही. एरवी दिवाळीच्या कार्यक्रमाचा मेसेज वाचायला ज्यांना आठवडा लागतो, त्यांनी ही बातमी तासाभरात घरोघरी पोचवली. कुणी विचारलं, "काय अंबरीष, घरी पण कार्डं चालतात का?" कुणी मला बघून नुसताच खिशात हात घातला. मी हसण्यावारी नेलं. खरं काय झालं ते मात्र या मंडळींत कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे स्वतःचेच वाभाडे काढायचे. आज काढतो.

माझी बायको ज्योत्स्ना मूळची चिपळूणची. वडील पोस्टात, आई शाळेत. लहानपणी लगोरी खेळताना भांडण झालं की गल्लीतली पोरं हिला बोलवायला यायची, असं माझ्या सासूबाई सांगतात. हिचा भाऊ म्हणे एकदा हिच्याच निकालामुळे बाद झाला आणि दोन दिवस जेवला नाही. सासूबाईंनी हे मला लग्नाआधी सांगायला हवं होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी कंपनीनं मला दीड वर्षासाठी स्कॉटलंडला धाडलं. गाव लहान. आमच्या खिडकीतून तिथल्या क्लबाचं मैदान दिसायचं. क्लब चौथ्या श्रेणीतला, म्हणजे तिथल्या लीगची अगदी शेवटची पायरी. दहा संघ, छत्तीस सामने. पहिला आला तो वर जाणार, आणि तळाला राहिला त्याला प्लेऑफ खेळावा लागणार; तो हरला की लीगमधूनच बाहेर. मला फुटबॉलचं वेड शाळेपासून. शनिवारी दुपारी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून हीसुद्धा यायची. तीनशे माणसं, आडवा पाऊस, हातात गरम सूप. मी बॉल बघायचो आणि ही रेफरी बघायची.

त्या वर्षी आमचा क्लब शेवटच्या शनिवारपर्यंत लटकत होता. त्या शनिवारी आम्ही मारलेला गोल रेफरीनं ऑफसाइड म्हणून नाकारला. सगळं गाव त्याच्या नावानं शिमगा करत होतं, मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. घरी येताना ज्योत्स्ना म्हणाली, "तो बरोबर होता रे. तीनशे माणसांत तो एकटा बरोबर होता. आणि आता एकटाच गाडी चालवत घरी जाईल." मला तेव्हा ते बोलणं अगदीच विचित्र वाटलं होतं. क्लब वाचला की नाही हे विचारायचं सोडून ही त्या माणसाच्या एकटेपणाची काळजी करत होती.

मग आम्ही जपानला आलो. मैत्रेयी, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. उरायासुत आल्यावर पहिले काही महिने बहुतेक बायका रडतात. ज्योत्स्नानं नगरपालिकेचा कचऱ्याचा तक्ता फ्रिजला चिकटवला आणि पाठ केला. जळणारा कचरा कधी, बाटल्या कधी, मोडकी छत्री कुठल्या दिवशी. सहा महिन्यांत शेजारच्या जपानी आजी हिला विचारून पिशवी बाहेर ठेवायला लागल्या. मी म्हटलं, "अगं, कचराच आहे तो." तर म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा असला ना, की माणसाला इथं परकं वाटत नाही." आधी तिनं एका डब्यांच्या दुकानात बाइतो केला, म्हणजे तासांवरची नोकरी. भाषा आली तशी कोतोमधल्या एका मालवाहतूक कंपनीत आकडेवारीचं काम मिळालं. एमएस्सीला स्टॅटिस्टिक्स होतं, ते शेवटी कामाला आलं. तिथं सगळे तिला ज्योसुना-सान म्हणतात. ती ओ देते.

माझा क्लब म्हणजे कामोमे. उरायासुतले आम्ही पाच भारतीय आणि बाकी जपानी, सगळे नोकरदार, रविवारी खेळणारे. मी कप्तान आणि सेंटर-बॅक. वय पंचेचाळीस, पळणं कमी आणि ओरडणं जास्त. क्लब काढला ओगावा-सान यांनी, ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. आमची हौशी संघांची लीग आहे, तीतही श्रेण्या आहेत, आणि दर वर्षी पहिला संघ वर, शेवटचा खाली. पाच वर्षं चौथ्या श्रेणीत घासल्यावर आम्ही एकदाचे तिसऱ्या श्रेणीत चढलो. त्या दिवशी ओगावा-सान टोपीनं तोंड झाकून रडले होते.

या लीगचा एक नियम आहे, आणि ही सगळी गोष्ट त्या नियमाचीच आहे. हौशी लीगला पगारी रेफरी कुठून परवडणार? म्हणून प्रत्येक संघानं स्वतःचा परवानाधारक रेफरी आणायचा. एका मैदानावर एका दिवशी दोन सामने. पहिला सामना खेळणाऱ्यांपैकी एका संघानं दुसऱ्या सामन्याला रेफरी द्यायचा, दुसरा खेळणाऱ्यांपैकी एकानं पहिल्याला. कुणी कुठं उभं राहायचं हे मार्चमध्येच छापून येतं. आणि रेफरी आला नाही तर त्या संघाचे तीन गुण कापतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या रेफरीची ओसाकाला बदली झाली. परवाना काढा म्हटलं की आमचे सगळे वाघ मूग गिळून गप्प. रेफरी व्हायचं म्हणजे शिव्या खायच्या, वर परीक्षा द्यायची, तीही जपानीत. मी घरी येऊन चिडचिड करत होतो, तेव्हा ज्योत्स्ना भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी देते परीक्षा." मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगला खो खो हसलो. तिनं परीक्षा दिली, पास झाली, आणि रोज सकाळी साडेपाचला साकाइगावाच्या काठानं पळायला लागली.

तिच्या पहिल्या सामन्यात काय गंमत झाली सांगतो. ही शिट्टी वाजवायची आणि ज्याच्याविरुद्ध वाजवली त्याच्याकडे बघून कमरेत वाकून म्हणायची, "सुमिमासेन." माफ करा! फाऊल दिला, सुमिमासेन. कॉर्नर दिला, सुमिमासेन. जपानमध्ये चार वर्षं काढल्यावर हा शब्द श्वासासारखा तोंडातून जातो. मध्यंतरात ओगावा-सान तिच्यासाठी चहा घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "ज्योसुना-सान, एक सांगू का? रेफरीनं माफी मागायची नसते. तुम्ही माफी मागितली की त्यांना वाटतं शिट्टी चुकली." तिनं मान डोलावली. दुसऱ्या हाफमध्ये एकदाही नाही. त्यानंतर तीन वर्षं मैदानावर तिच्या तोंडून तो शब्द गेला नाही.

आणि रेफरी म्हणून ती चांगली होती. लीगमधले संघ वेळापत्रकात कामोमेचं नाव बघून म्हणायचे, "बरं झालं, त्या भारतीय बाई आहेत." मला याचा अभिमान होता. थोडा जळफळाटही व्हायचा, कारण कप्तान म्हणून माझ्याबद्दल असं कुणी म्हणत नसे.

तर गेल्या वर्षीचा मोसम. आम्ही पहिले तीन सामने जिंकलो आणि मग जी घसरगुंडी लागली ती थांबेना. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आला तेव्हा स्थिती अशी होती : आमचे बारा गुण, नागिसा नावाच्या संघाचे अकरा, आणि दोघांपैकी एक खाली जाणार. मैदान एकच, इचिकावात एदोगावा नदीच्या काठावरचं. दहा वाजता आमचा सामना. साडेबाराला नागिसाचा सामना आओबाशी. आणि मार्चमध्ये छापलेल्या कागदावर त्या दुसऱ्या सामन्यापुढे लिहिलं होतं, रेफरी : कामोमे.

म्हणजे ज्योत्स्ना. मार्चमध्ये कुणाला ठाऊक होतं की याच सामन्यावर आमचं जगणं-मरणं ठरणार? लीगला कळवून बदल मागितला, तर उत्तर आलं की एवढ्या उशिरा दुसरा रेफरी नाही, आणि आमचा तिच्यावर विश्वास आहे. ती आली नसती तर तीन गुण गेले असते, मग आम्ही खाली गेल्यातच जमा. आणि खाली गेलो तर क्लब मोडायला आला होता. आमची चार तरुण पोरं स्पष्ट बोलली होती की चौथ्या श्रेणीत खेळायला ती थांबणार नाहीत.

शनिवारी दुपारी ज्योत्स्ना थालीपिठं लावत होती. मी टेबलाशी बसून कागदावर गुणांची जुळवाजुळव करत होतो. मी म्हटलं, "उद्या समजा आमचं जमलं नाही, आणि नागिसाच्या सामन्यात एखादी गोष्ट अशीही आणि तशीही असली... म्हणजे अगदी काठावरची..."

तिनं गॅस बंद केला. "पुढे बोल."

"काही नाही गं."

"नाही, बोल ना. काठावरची असली तर मी काय करू?"

"मस्करी केली."

"मस्करी केलीस तर तुला स्वतःला हसू का नाही आलं?"

मी पुन्हा कागदात मान घातली. तिनं गॅस पुन्हा पेटवला, थालीपीठ उलटलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "हे तू बोलायला नको होतंस, अंबरीष. आता उद्या मी एकटी नसेन तिथं." मला वाटलं, झालं, हिचं नेहमीचं सुरू. थालीपिठं मात्र मी तीन खाल्ली.

रविवारी आमचा सामना शून्य-शून्य सुटला. त्यात शेवटच्या मिनिटाला माझ्या डोक्यावर कॉर्नर आला. गोल सहा पावलांवर, गोलकीपर पडलेला. मी हेडर मारला तो बारवरून थेट नदीकडे. तो आत गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. आमचे तेरा गुण झाले. आता नागिसा जिंकले तर चौदा, आणि आम्ही खाली. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार.

साडेबाराला ज्योत्स्ना काळ्या कपड्यांत मैदानात उतरली. आमच्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. आम्ही सगळे कपडे न बदलता काठावर बसलो. मैत्रेयी, आता तेरा वर्षांची, टॅब्लेट स्टँडवर लावून चित्रण करत होती. लीगच्या सगळ्या सामन्यांचं चित्रण ती करते, त्याबद्दल तिला ओगावा-सानकडून आइस्क्रीम मिळतं. आधी आओबानं गोल केला. आम्ही उड्या मारल्या. मग नागिसानं बरोबरी केली. आमच्या लीगचा सामना ऐंशी मिनिटांचा असतो. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला एक-एकच होते आणि ओगावा-सान डोळे मिटून बसले होते.

तेवढ्यात नागिसाचा एक उंच बॉल आओबाच्या गोलसमोर आला. आओबाचा बचावपटू उडाला, बॉल त्याच्या अंगाला लागून तिथंच पडला, आणि नागिसाच्या अकराही जणांनी हात वर केले. शिट्टी वाजली. ज्योत्स्नाचा हात सरळ पेनल्टीच्या ठिपक्याकडे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला काही दिसलं नव्हतं. साठ मीटरवरून काय डोंबल दिसणार? पण मी काठावरून धावत सुटलो आणि मराठीतून ओरडलो, "ज्योत्स्ना! कुणाची बायको आहेस तू?"

मैदानावरच्या साठ-सत्तर माणसांत ते वाक्य फार तर सहाजणांना कळलं. ज्या एकीला कळायला नको होतं तिला नेमकं कळलं. ती चालत माझ्याजवळ आली, धावत नाही, चालत. आमच्या लीगमध्ये काठावरच्या खेळाडूंनाही कार्ड लागू आहे; तिनं खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मग ती परत गेली आणि ठिपक्यापाशी उभी राहिली. नागिसानं पेनल्टी मारली. दोन-एक. आम्ही खाली गेलो.

म्योदेन स्टेशनवरून उरायासु तीन स्टेशनं. त्या तीन स्टेशनांत आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो आणि मी डब्यातल्या सगळ्या जाहिराती वाचून काढल्या. मैत्रेयी खिडकीबाहेर बघत होती. पुढचे तीन दिवस घरात "डबा घेतलास का" आणि "छत्री घे" एवढंच चालू होतं.

बुधवारी संध्याकाळी मैत्रेयी माझ्याकडे टॅब्लेट घेऊन आली. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती उत्तर जपानीत देते, आमचं असंच चालतं. ती म्हणाली, "बाबा, काता." खांदा. तिनं चित्रण हळू करून दाखवलं. बॉल खांद्याला लागला होता, हाताला नाही. अगदी स्वच्छ दिसत होतं.

मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. तीन दिवस मी घरातला गुन्हेगार होतो, आणि आता माझ्या हातात पुरावा होता. मैत्रेयी काहीतरी सांगत होती, "चोत्तो, बाबा, पुढे..." पण थांबतोय कोण? मी टॅब्लेट तिच्या हातातून घेतला आणि तसाच आतल्या खोलीत गेलो. ज्योत्स्ना वाळलेले कपडे घडी करत होती. तिच्यापुढं मी टॅब्लेट ठेवला. "बघ," मी म्हटलं. "बघ जरा तुझा न्याय."

तिनं बघितलं नाही. माझ्या शर्टाची घडी घालत म्हणाली, "खांदा होता. माहितीये मला."

"कधी कळलं?"

"शिट्टी वाजवली आणि लगेच. त्या पोराचा चेहरा बघितला आणि कळलं. माझ्यासमोर दोघं आडवे आले होते, मी अंदाजानं वाजवली. तुझं शनिवारचं बोलणं डोक्यात होतं ना, मनात आलं, नाही वाजवली तर आपण कामोमेला धार्जिणे ठरू, आणि वाजवून बसले."

"मग बदलायचं ना! पेनल्टी मारेपर्यंत बदलता येतं, तूच मला सांगितलंयस!"

तिनं घडी ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू खांद्यावरच थांबवलंस वाटतं. पुढचं बघ."

मी पुढचं बघितलं. पडद्यावर ज्योत्स्ना ठिपक्याकडे हात करून उभी आहे. एक सेकंद, दोन. मग तिचा हात खाली येतो. दुसऱ्या हातातली शिट्टी वर यायला लागते, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. ती आओबाच्या गोलकीपरकडे वळते, बॉल त्याला द्या असं सांगायला माणूस जसा वळेल तशी. आणि तेवढ्यात चित्रणात माझा आवाज येतो. कुणाची बायको आहेस तू? शिट्टी हनुवटीशी थांबते, आणि हळूहळू खाली जाते.

मी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.

"त्या क्षणाला बदललं असतं," ती म्हणाली, "तर ते नवऱ्याचं ऐकून बदलल्यासारखं झालं असतं. लोकांचं सोड. माझं मलाच कळलं नसतं की खरं म्हणून बदलतेय की तू ओरडलास म्हणून. पाच सेकंद होते माझ्याकडे. ते तू घेतलेस."

क्लब मी बुडवला होता. हेडर चुकवून नाही, तो कुणाचाही चुकतो. ती आम्हाला वाचवत होती, नियमानं, खरेपणानं वाचवत होती, आणि मी तिच्या हातातून शिट्टी काढून घेतली. मला रडू आलं. मी तिथंच, घड्या घातलेल्या कपड्यांशेजारी बसलो आणि म्हटलं, "चुकलो गं. माफ कर."

"सोमवारीच लीगला कळवलंय मी," ती म्हणाली. "पेनल्टी चुकीची होती, निर्णय सर्वस्वी माझा. निकाल बदलत नाही, ते मलाही ठाऊक आहे." मग म्हणाली, "तू ओरडलास मैदानात, सगळ्यांसमोर. माफी मात्र इथं मागतोयस, कपड्यांसमोर." एवढं बोलून तिनं टॉवेल उचलले आणि कपाटात ठेवायला गेली.

डिसेंबरमध्ये क्लबाचं वर्षअखेरचं जेवण झालं. तिथं मी उभा राहून सगळं सांगितलं, जपानीत, शनिवारच्या थालीपिठांपासून. चारपैकी दोन पोरांनी तरीही क्लब सोडला. ओगावा-सान यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. माफी मागायची नसते असं मीच त्यांना शिकवलं." ज्योत्स्ना आली नव्हती. तिनं परवाना ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता आणि सांगितलं होतं की पुढच्या मोसमाला रेफरी दुसरा बघा. सकाळचं पळणंही बंद केलं होतं. रुसवा नव्हता, अबोला नव्हता, पण साडेपाचला दाराचा आवाज यायचा तो येईनासा झाला आणि मला त्या वेळी आपोआप जाग यायला लागली.

दुसरा रेफरी कोण होणार? मीच परीक्षा दिली. ज्योत्स्नानं माझा अभ्यास घेतला, ते मात्र तिनं आनंदानं केलं. पोळ्या लाटता लाटता विचारायची, "थ्रो-इन थेट गोलमध्ये गेला तर?" मी चुकलो की लाटणं दाखवायची. पास झालो. कसाबसा.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी चौथ्या श्रेणीतला आमचा पहिला सामना होता. त्याच नदीकाठी, आणि आमच्यानंतरच्या सामन्यात माझी शिट्टी. समोरचे दोन्ही संघ मला ओळखत नव्हते. मैत्रेयीच्या आग्रहावरून ज्योत्स्ना आली होती, थर्मास घेऊन काठावर बसली होती. वीस मिनिटांतच माझी दमछाक झाली. तिसाव्या मिनिटाला बॉक्समध्ये एक पोरगा धाडकन पडला. मी बराच मागे होतो. मी शिट्टी वाजवली आणि ठिपक्याकडे हात केला.

हात केला आणि कळलं. पोरगा स्वतःच्याच पायात अडकला होता. तो उठला आणि माझ्या नजरेला नजर न देता मोजे वर ओढायला लागला.

एक सेकंद, दोन. आता मला कळलं त्या सेकंदांना किती वजन असतं. एका बाजूचे अकरा जण टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या बाजूचे ओरडत होते. शिट्टी माझ्या हातात दगडासारखी झाली होती. आत्ता बदललं तर हे म्हणणार नवखा आहे, भित्रा आहे, ओरडलं की वाकतो. नाही बदललं तर कुणालाच काही कळणार नाही, त्या पोराला सोडून. मला वाटलं, पळून जावं. आणि हे सगळं तिच्यावर आलं होतं तेव्हा माझा आवाजही होता.

मी शिट्टी वर नेली, हनुवटीपर्यंत, आणि तिथून पुढे. वाजवली. दोन्ही हात हलवून पेनल्टी नाही म्हणून सांगितलं. बॉल उचलला आणि गोलकीपरसमोर नेऊन टाकला. मग दोन्ही संघांकडे वळून, कमरेत वाकून, काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सुमिमासेन. माझी चूक झाली."

एक-दोघं पुटपुटले. गोलकीपरनं बॉल लाथाडला आणि खेळ सुरू झाला.

मी काठाकडे बघितलं. रेफरीनं बघायचं नसतं, पण बघितलं. ज्योत्स्ना उभी राहिली होती. थर्मासचं झाकण तिच्या हातात होतं, चहा सांडत होता आणि तिला पत्ता नव्हता. ती रडत होती. तीन वर्षांत मैदानावर मी तिला रडताना बघितलं नव्हतं, त्या रविवारीसुद्धा नाही.

सामना संपला तेव्हा मी धापा टाकत तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं चहा दिला, उरला होता तेवढा. मग माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"पुढच्या रविवारी मी आहे," ती म्हणाली. "तू फार मागे राहतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला दाराचा आवाज आला.